लिंबू विमानात, कट्यार माघारी

मित्रांनो, मी एक जुनी कट्यार आहे आणि सध्या मी भयंकर रागावलेली आहे. गोडगोड कहाणी ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा. मी जे घडलं तेच सांगणार, आणि फणकाऱ्यानेच सांगणार.

माझा जन्म धसईच्या एका लोहाराकडे झाला. मोडक्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तापवून, ठोकून त्याने मला घडवलं आणि खैराच्या लाकडाची मूठ बसवली. कट्यार म्हटलं की तुम्हाला लढाया आठवत असतील. कसल्या लढाया! मी आयुष्यात लिंबाशिवाय कशालाही टोचलेली नाही. आमच्या किन्हवलीकडे नवरदेवाला हळद लागली की त्याच्या हातात कट्यार देतात आणि टोकाला लिंबू खोचतात. नवरीला घेऊन घराचा उंबरा ओलांडेपर्यंत त्याने ती जवळच ठेवायची. जेवताना मांडीवर, झोपताना उशाशी. आमच्या आळीत कट्यार एकच, ती म्हणजे मी. आळीतला प्रत्येक नवरदेव मला धरूनच मांडवात उभा राहिला.

मला सांभाळते सकुबाई. लग्नसराईत ती मला चिंचेने घासते, कुंकू लावते. एरवी मी तिच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या लुगड्यात पडून असते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तिच्या भावाच्या लग्नात मी त्याच्या हातात होते. तो भाऊ आणि वहिनी लवकर गेले. त्यांचा ओमकार पोरका झाला, त्याला सकुबाईने वाढवलं. त्याच्या हातात मला देण्याचीच ती इतकी वर्षं वाट बघत होती.

आणि या शहाण्याने लग्न कुठे ठरवलं? थायलंडला! समुद्रकिनाऱ्यावर! नवरी कुणाली त्याच्याच ऑफिसातली. ती आपल्या माणसांबरोबर आधीच पुढे गेली होती. लग्नाची व्यवस्था बघणाऱ्या बाईने पाहुण्यांसाठी प्रवासाच्या सूचना पाठवल्या होत्या. हातातल्या पिशवीत चाकू, सुरी, कात्री काही नको. सुकं खोबरं नको. लोणच्याची बरणी नको. सगळं अगदी नीट लिहिलेलं, पण इंग्रजीत. ओमकारने न वाचता ते घरच्या ग्रुपवर ढकललं. सगळ्यांनी अंगठे दाखवले. वाचलं एकानेही नाही. आता याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा!

हळद घरीच लागली. दुसऱ्या दिवशी विमानतळावर सकुबाईने विचारलंसुद्धा, "ओमकार, ही मोठ्या बॅगेत घालू का रे? कुणी अडवलं तर?"

"काय होत नाय गो आत्या. दे इकडं," म्हणत त्याने मला पाठीवरच्या पिशवीत कोंबलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, धारदार वस्तू आहे का? याच्या कानात गाणी ऐकायची बोंडकी, प्रश्न ऐकतोय कोण! "नाही, नाही," म्हणाला. मोठ्या बॅगा पट्ट्यावरून गेल्या. मी मात्र पिशवीत राहिले.

व्हायचं तेच झालं. तपासणीच्या यंत्रात मी लख्ख दिसले. तिथल्या साहेबांनी मला बाहेर काढलं. बिचारे शांतपणे बोलले, "मोठ्या बॅगेत घातली असती तर बिनबोभाट गेली असती. आता दोनच मार्ग. कुणीतरी ही घेऊन बाहेर जा, नाहीतर इथेच सोडा. लिंबू नेऊ शकता."

ओमकारने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "टाकून द्या."

मित्रांनो, टाकून द्या! त्याच्या बापाचा हात माझ्या मुठीवर होता, आणि हा म्हणतो टाकून द्या! माझं पातं जर बोलू शकलं असतं ना, त्या चकचकीत हॉलमध्ये मी बोंब ठोकली असती.

सकुबाई पुढे आली. "काय बोललास? परत बोल."

"आत्या, टाइम नाय. तिकडं दुसरी मिळंल."

"दुसरी? पुढल्या आयतवारी आपल्या आळीतल्या बुधीच्या पोराचं, नवसूचं लगीन हाय. त्याच्या हातात काय देऊ? का बुधीला सांगू, आळीची कट्यार कचऱ्यात टाकून नाचायला गेलू?"

"चल ना, विमान सुटंल!"

"सुटू दे. मी नाय येत."

ओमकारला वाटलं, म्हातारी दटावतेय, येईल मागून. तो लिंबू खिशात टाकून तरातरा पुढे गेला. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. सकुबाई तो दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली. मग साहेबांकडे वळून म्हणाली, "द्या ती इकडं."

तिच्या पासपोर्टवरचा शिक्का रद्द झाला, तिची बॅग विमानातून उतरवली. ज्या पोराला घास भरवला, त्याच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या राहून गेल्या. ती बाहेर आली आणि खांबाला टेकून ढसाढसा रडली. आसनगावला एसटीच्या स्टँडवर ओळखीची बाई भेटली. "अगो सकुबाय, तुमी तर फॉरिनला जायच्या व्हत्या ना?"

"जाऊन आले," सकुबाई खेकसली.

रविवारी नवसूच्या लग्नात बुधीने मला कपाळाला लावलं. नवसूने मला एवढं जपलं, की हाताला मुंग्या आल्या तरी मूठ सोडली नाही. सकुबाई सगळ्यांत पुढे गात होती. फक्त मधेच तिचा आवाज बसायचा. ओमकारच्या लग्नाचे फोटो फोनवर आले होते, ते तिने उघडले नाहीत.

मग एके दुपारी तो नवरीला घेऊन दारात आला. सकुबाईने कुणालीच्या डोळ्यांना पाणी लावलं, बोटं मोडून दृष्ट काढली. ओमकार पाऊल उचलणार, तोच तिने त्याला थांबवलं. ती आत गेली आणि मला घेऊन आली.

"हिला टाकून द्या बोललास ना? आता हिच्याबिगर उंबरा ओलांडून दाखव."

ओमकारने मान खाली घातली. खिशात हात घालून त्याने लिंबू काढलं. सुकून सुपारीएवढं झालेलं, कडक. "हे नाय टाकलं गो," तो पुटपुटला. माझ्या टोकाला ते खोचायला गेला तर ते रुतेना. शेवटी सकुबाईने त्याच्या हातावर हात ठेवून दाबलं, तेव्हा कुठे रुतलं.

"आत्या, लग्नात तू पायजे व्हतीस," तो रडत म्हणाला.

"मग मागं वळून बघायचं व्हतंस," सकुबाई म्हणाली आणि वाटेतून बाजूला झाली.

मला धरून तो आत आला. माझा राग अजून गेलेला नाही, एवढ्यात जाणारही नाही. तुमच्या घरचं कुणी परदेशी लग्नाला निघालं, तर आलेल्या सूचना आधी वाचा, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना आपल्या भाषेत समजावून सांगा. मित्रांनो, धारदार वस्तू मोठ्या बॅगेत घाला. माणसाला मात्र हाताला धरूनच न्या.