दोराचा वाटा

खुशालने लोखंडी सब्बल उचलून लाल स्मारकाच्या चौथऱ्याला टेकवली, पण घाव घालवेना.

ठाण्याचे साहेब बजावून गेले होते, उद्यापर्यंत हे पाडा आणि पहिला घाव पोलीस पाटील म्हणून खुशालनेच घालावा. नाही घातला तर पाटील कुणाचा माणूस ते कळेल. स्मारक बांधणाऱ्या जंगलातल्या नक्षल दादांनी आधीच सांगितलं होतं, विटेला हात लावणारा जगणार नाही. दोघांनाही एकच माणूस हवा होता. एकाचे हाल दिसले की गाव आपोआप गप्प बसतं.

"थांबा जी." त्याची बायको देवकाबाई तलावाकडून आली. खांद्यावर मोठ्या जाळ्याचा दोर होता. "सब्बल एकाच्याच हातात मावते."

ती सकाळपासून दारोदार फिरली होती. तलावात जाळं ओढताना दोराला हात लावणाऱ्या प्रत्येक घराला मासळीचा वाटा मिळतो. म्हातारीने नुसतं बोट लावलं तरी मिळतो. आजही तसंच, एवढंच ती बोलली. वाटा कशाचा, असं शेजारच्या चैतूने विचारलं, तर म्हणाली, विटांचा, उकडून खा.

दोर स्मारकाला गुंडाळला. माणसं जमली, पण दोराच्या पुढच्या टोकाला कुणी उभं राहीना. मग सुकरी आली. स्मारकावर पांढऱ्या रंगात तिच्या मुलाचं, मंगरूचं नाव होतं. तो दादांसोबत गेला आणि चकमकीत संपला.

खुशालची मान खाली गेली. "सुकरीबाई, तुमी घरी जा."

"एका घरी रडणं झालं, पाटील. देवकानं काऊन रडावं?" तिने दोर धरला. "पुढं मले राहू द्या."

तिच्या मागे सगळं गाव लागलं. स्मारक कललं, पडलं. देवकाबाईने मासळीसारखे विटांचे ढीग लावले. मंगरूच्या नावाची वीट तिने सुकरीच्या ओटीत घातली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी पहिला घाव कुणाचा, असं विचारलं. घाव पडलाच नव्हता.

आठवड्याने सांजेला दोन बंदूकवाले आले. जंगलाकडून पहिलं घर सुकरीचं. समोरच्या घरात दाराआडून खुशाल ऐकत होता.

"पाटलानं पाडलं ना?" एकाने विचारलं.

सुकरीने पाण्याचे लोटे पुढे केले. "दोराच्या पुढं मी होती, बाबा. मांगं गाव होतं."

तिच्या पाण्याच्या गुंडीखाली लाल वीट होती. तिच्यावरचं नाव दोघांनी वाचलं. धाकटा पाणी प्यायला, थोरल्याने लोटा तसाच ठेवला. मग ते आले त्या वाटेने गेले.

सुकरीने थोरल्याचं पाणी सांडलं नाही. गुंडीत परत ओतलं, तो पुन्हा आला तर लागेल म्हणून.