मधली गिटार

लोकुली नदीत गेला तेव्हा त्याची बायको पाच महिन्यांची गरोदर होती. नदीपलीकडे ब्राझाव्हिलच्या कार्यक्रमाला बँडमधले आम्ही सगळे फेरीबोटीने पुढे गेलो. त्याला उशीर झाला म्हणून तो एका मासेमाराच्या होडीतून निघाला. होडी सापडली, तो सापडला नाही.

नवव्या दिवशी आमचं रेकॉर्डिंग ठरलेलं होतं. बँडमध्ये तीन गिटारी. मी, एकोफो, ठेका धरायचो, म्बुयांबा वरचे सूर वाजवायचा आणि लोकुली आम्हा दोघांच्या मधे. गाण्याचे शब्द संपून नुसत्या गिटारींवर नाच सुरू होतो त्याला आमच्याकडे सेबेन म्हणतात, आणि सेबेनचा जीव या मधल्या गिटारीत असतो. स्टुडिओचे मालक म्हणाले, दुसरा वाजवणारा आणतो. म्बुयांबाने ऐकलं नाही. "त्याची जागा रिकामी राहू दे," एवढंच म्हणाला. तशीच ठेवली.

ती टेप एकोणीस वर्षं किन्शासातल्या एका कपाटात पडून होती. मालक वारल्यावर त्यांच्या मुलीने, न्गालुलाने, निरनिराळ्या वर्षांची चौदा गाणी निवडून अल्बम काढायचं ठरवलं. ओल धरून चिकटलेल्या टेपा तिने बल्ब लावलेल्या लाकडी पेटीत वाळवल्या. मग एका दुपारी मला बोलावून घेतलं.

"पापा एकोफो, कव्हरवर नावं छापायचीयत. या शेवटच्या गाण्यात मधली गिटार कोणाची?"

"कोणाचीच नाही."

"चेष्टा नका करू. मी काय बहिरी आहे?"

तिने टेप लावली. माझा ठेका आला, म्बुयांबा आला, आणि सेबेन सुरू होताच आमच्या मधून तो आला. लोकुलीचं एक बोट लहानपणी मोडलेलं होतं. त्यामुळे वरून खाली येताना एक सूर त्याला नेहमी किंचित उशिरा सापडायचा. आम्ही त्याला त्यावरून लंगडा म्हणायचो. टेपवरचा तो सूर तसाच पाय ओढत आला.

म्बुयांबाला निरोप धाडला. त्यानेच नंतर कधीतरी गुपचूप वाजवून भरलं असणार, असं मला वाटत होतं. ऐकून झाल्यावर तो माझ्यावरच उलटला.

"म्हाताऱ्या, हे उद्योग तुझे ना?"

"मला हे जमत असतं तर जन्मभर ठेका धरत बसलो असतो का?"

न्गालुलाने पुन्हा लावलं. या वेळी दुसऱ्या वळणावर तो जरा वेगळं वाजवून गेला. तिने यंत्र तपासलं, टेप तपासली, मग तिसऱ्यांदा लावली.

स्टेजवर त्या दोघांचा एक खेळ असायचा. म्बुयांबा अर्धी ओळ टाकून थांबायचा आणि लोकुली ती भलतीकडे नेऊन पुरी करायचा. म्बुयांबाने भिंतीवरची गिटार काढली. टेप चालू असताना त्याने मनाला येईल ती अर्धी ओळ टाकली आणि हात उचलला.

टेपमधून उरलेली अर्धी आली.

त्याने गिटार हळूच खाली ठेवली. "त्याच्या मुलीला सांग," म्हणाला. "मी नाही सांगणार."

बोलुंबू बाजारात कपडे शिवते. बापाला तिने पाहिलेलं नाही. देह मिळाला नाही म्हणून तिची आई शोकाला कधी बसलीच नव्हती. अजून त्याचे शर्ट धुऊन उन्हात टाकायची.

बोलुंबू आली, म्हणाली, "मला एकटीला ऐकू द्या." न्गालुलाने आमच्या बाजूचा आवाज बंद केला. काचेपलीकडे ती आधी नुसती उभी होती. मग तिची कंबर हलू लागली. मधेच थांबायची, कोणी पाऊल दाखवत असल्यासारखी मान कलती करायची, आणि तेच पाऊल टाकून हसायची. आम्ही बघत राहिलो. किती वेळ गेला कळलं नाही. न्गालुलाने माझी बाही ओढून यंत्राकडे बोट केलं. टेप केव्हाच संपली होती. चाक मोकळंच फिरत होतं आणि टेपचं सुटं टोक फटफट आपटत होतं. बोलुंबू नाचतच होती.

बाहेर आली तेव्हा घामाने निथळत होती. "आता लावू नका. दमलेत ते."

त्या संध्याकाळी मी तिच्या आईला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "बोट दुखत होतं का त्याचं?"

"हो. तो सूर उशिराच आला."

ती उठली आणि दोरीवरचे शर्ट काढून घेतले.

न्गालुला टेप ठेवून घ्यायला तयार नव्हती. म्बुयांबा म्हणाला, नदीत सोडू. "नदीत नाही," बोलुंबू म्हणाली, आणि मग कोणी वाद घातला नाही. त्याच्या एका शर्टात गुंडाळून टेप छोट्या शवपेटीत ठेवायची ठरली. सुताराने माप बघून विचारलं, "किती महिन्यांचं होतं?" तीन दिवस अंगणात खुर्च्या मांडून माणसं बसली, बायका रडल्या, आणि चौथ्या दिवशी आम्ही लोकुलीला पुरलं.

अल्बम तेरा गाण्यांचा निघाला. मातोंगे वस्तीतल्या बारमध्ये चांगला चालतो म्हणतात.

पुढच्या रविवारी बोलुंबूच्या आईने नदीतला मासा आणला. एकोणीस वर्षांत त्या घरात तो शिजला नव्हता. कसाव्याच्या पाल्याबरोबर रांधून तिने आम्हाला जेवायला बोलावलं आणि स्वतः पहिला घास घेतला. म्बुयांबानेही खाल्ला. मी मात्र मासा ताटाच्या कडेला सारून नुसता पाला खाल्ला.