दाराचा दिवा

आमच्या धाकट्या सुनेला जेवता जेवता ताटावरून उठायची खोड आहे. घास हातात असो की तोंडात, पुढच्या खोलीत भोंगा वाजायचा अवकाश, ही निघालीच हात पुसत. परत येऊन गार झालेलं अन्न मुकाट्याने गिळते, आणि आलेल्या पाहुण्यांना वाटतं सासू छळते. मी किती वेळा सांगितलं, अगं, दोन घास खाऊन गेलीस तर टेलिफोन काही पळून जाणार नाहीत. तर म्हणते, "आई, फक्त बघून येते." तिचं ते 'फक्त' मला चांगलं ठाऊक आहे. माझा थोरला तर तिला भोंगाबाईच म्हणतो.

टेलिफोन कंपनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत येते. आमची कंपनी म्हणजे घराची पुढची खोली, एक जीप, दोन मुलगे आणि डोंगरात इकडेतिकडे विखुरलेल्या पत्र्याच्या केबिनी. मोठ्या कंपन्या ज्या गावांकडे ढुंकूनही बघत नाहीत, तिथले फोन आमच्या जिवावर चालतात. आमच्या ह्यांनी सुरू केली, ते गेल्यावर मी चालवली, आणि कुणाच्या दारात न जाता चालवली. केबिनीत माणूस बसवणं परवडत नाही, म्हणून पुढच्या खोलीच्या भिंतीवर एक पॅनेल आहे. एकेका केबिनीची एकेक ओळ. पॅनेलची तार वेगळी, इथल्या बॅटरीवरची, त्यामुळे वरचं सगळं बंद पडलं तरी दिवे चालतात. वीज गेली, जनरेटर बंद पडला, बॅटरी उतरली, दार उघडलं, सगळ्याचे वेगवेगळे दिवे, आणि ओळीच्या शेवटी केबिनीच्या आतलं तापमान आकड्यात. दिवा लाल झाला की भोंगा वाजतो. लाल म्हणजे धावा, हिरवं म्हणजे जेवा. मी शाळेत फार टिकले नाही, पण एवढं मलाही वाचता येतं.

त्यातल्या दाराच्या दिव्यावर माझा विशेष राग. आपलाच माणूस केबिनीत शिरला तरी बोंब, बाहेर आला तरी बोंब. "तो दाराचा भोंगा तेवढा तोडून टाक," असं मी सुनेला बजावलं होतं. ती "हो आई" म्हणाली आणि तोडला मात्र नाही. तिचं 'हो आई'ही मला ठाऊक आहे.

त्या दिवशी सकाळपासून वारा असा सुटला होता की अंगणातली बादली गेटपर्यंत लोळत गेली. वीज गेली. बाकीच्या केबिनींचे जनरेटर आपोआप सुरू झाले, सगळ्यांत वरच्या केबिनीचा काही होईना. धाकटा जीप घेऊन वर गेला. पुढे दाराचा दिवा लाल झाला, म्हणजे तो पोचला. दिवा हिरवा झाला, म्हणजे त्याने दार लावून घेतलं. मग जनरेटरचा दिवाही हिरवा झाला आणि मी म्हटलं, चला, पानं वाढा.

आम्ही जेवायला बसलो आणि ही उठली.

या वेळी भोंगा वाजलासुद्धा नव्हता.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही, आई. फक्त..."

"बस खाली."

बसली नाही. मीही मग चिडून तिच्या मागे गेले. थोरला तिथेच फोन कानाला लावून बसला होता. वरच्या गावातल्या दवाखान्यातून नर्सचा फोन होता. एक बाई बाळंतपणात अडली होती, तिला न्यायला गाडी निघाली होती, आणि कुठल्या रस्त्यावर झाड पडलंय, कुठला मोकळा आहे, हे थोरला एका कानाने नर्सकडून ऐकून दुसऱ्या फोनवर ड्रायव्हरला सांगत होता. ते दोन्ही फोन चालत होते त्याच वरच्या केबिनीवरून.

सून पॅनेलपुढे उभी होती. "अजून दार उघडलं नाही," ती म्हणाली.

"न उघडेना. जनरेटर चालू झालाय ना?"

"चालू झाला की ते निघतात, आई. त्या आवाजात बसवत नाही त्यांना. आणि तापमान बघा. चढतंय."

"बाहेर गारठा आहे," थोरला फोनवर हात ठेवून म्हणाला. "दार लावून ऊब खात बसला असेल तुझा नवरा. भोंगाबाई, आज हिरव्यालाही घाबरायला लागलीस?"

"पंखा गरम हवा बाहेर टाकतो, दादा. ती आतच राहतेय, म्हणजे झरोका कशाने तरी बंद झालाय. ऊब आत राहिली तर धूरही आतच राहणार."

थोरल्याचं हसू तोंडातच राहिलं. ती केबिन ह्यांनी बांधली तेव्हा जनरेटरला वेगळी खोली केली नव्हती, मध्ये नुसता एक पत्रा. ते आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं.

सुनेने केबिनीतला फोन लावला. वाजत राहिला. "जनरेटरच्या आवाजात कुठला ऐकू यायला," मी म्हटलं. तिने पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. जीप त्याच्याकडे, आमच्याकडे दुसरं वाहन नाही, आणि केबिनीच्या आसपास हाक ऐकू जाईल असं घर नाही.

पॅनेलच्या कडेला झाकणाखाली एक बटण आहे. त्याने इथून वरचा जनरेटर बंद करता येतो. त्या झाकणाला कुलूप नाही, पण माझा शब्द आहे. मला विचारल्याशिवाय कुणी त्याला हात लावायचा नाही. सुनेने झाकण वर केलं आणि बोट बटणावर ठेवलं.

"आई, करू बंद?"

"वेडी आहेस का!" थोरला ओरडला. "वरच्या बॅटऱ्या मेल्यात. जनरेटर गेला की फोन गेले. गाडी फाट्यावर उभी आहे, ड्रायव्हरला कुठे वळायचं तेही माहीत नाही!"

"थांब जरा," मी म्हटलं.

ती थांबली. बोट तसंच. मी आकड्याकडे बघत होते. फोनमधून नर्सचा आवाज येत होता, हॅलो, हॅलो, आणि तिच्या मागे कुणीतरी कण्हत होतं. ती कुणाची लेक, कुणाची सून, देव जाणे. आणि वर माझा मुलगा दार लावून बसलेला, ऊब खात, किंवा ऊब न खात.

आकडा आणखी चढला.

"आई." या वेळी तिने विचारलं नाही, नुसती हाक मारली. तोंड पांढरं पडलं होतं.

"ड्रायव्हरला कुठे वळायचं ते सांग, लवकर सांग," मी थोरल्याला म्हटलं. त्याने नर्सला ओरडून विचारलं, ड्रायव्हरला ओरडून सांगितलं. "वळला?"

"वळतोय..."

"दाब गं," मी म्हटलं.

तिने दाबलं. जनरेटरचा दिवा लाल झाला, भोंगा कोकलायला लागला. लगेच बॅटरीचाही लाल. थोरल्याच्या हातातला फोन मुका झाला. त्याने भोंगा बंद करायला हात पुढे केला.

"वाजू दे, दादा," सून म्हणाली. "हा वर ऐकू जात नाही. त्यांचा डोळा लागला असेल. इंजिन थांबलं की उठतात. घरी पंखा थांबला तरी उठतात."

उठतात. उठण्याइतकं भान राहिलं असेल तर, हे तिने म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. दाराचा दिवा हिरवा होता. हिरवाच. आयुष्यात कुठल्या रंगाचा इतका तिटकारा आला नव्हता. मी भिंतीला टेकले. थोरला मुका फोन कानाला लावून तसाच उभा, जणू तो सोडला तर भाऊ सुटेल हातातून. सून त्या दिव्याकडे अशी बघत होती की पापणी हलेना, आणि ओठ काहीतरी पुटपुटत होते. देवाचं नाव नव्हतं ते. "उठा हो, बंद पडलंय ना, उठा," असं होतं.

दिवा लाल झाला.

दार उघडलं होतं.

थोरल्याने मुका फोन खाली ठेवला. सून रडली नाही. तिने फक्त भोंगा बंद केला आणि पॅनेलपुढेच खाली बसली. मग बऱ्याच वेळाने जनरेटरचा दिवा हिरवा झाला, दाराचा लालच राहिला, आणि फोन वाजला.

"कोणी बंद केला माझा जनरेटर?" धाकटा खोकत खोकत ओरडत होता. "अरे, आत्ताच चालू केला होता! डोकं भणभणतंय, जरा बसलो तर... झरोक्यावर कसलं तरी प्लॅस्टिक येऊन चिकटलंय. ओढून काढलं. आता दार उघडं ठेवूनच..."

"उघडंच ठेव," मी म्हटलं. "दगड लाव त्याला. आणि बाहेर बस, गाढवा, बाहेर!"

नर्सचाही फोन लागला. गाडी पोचली होती, बाईला घेऊन निघालीसुद्धा होती. थोरल्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि म्हणाला, "बाईसाहेब." भोंगाबाई म्हणाला नाही.

सुनेचं ताट आत तसंच पडलं होतं. मी ते उचललं, अन्न गरम केलं आणि पॅनेलपुढे तिच्या मांडीवर नेऊन ठेवलं. ती उठायला लागली तशी खांदा दाबून खाली बसवली.

"ऐक," मी म्हटलं. "जेवताना उठतेस ही खोड वाईटच. मी तिला चांगली म्हणणार नाही. पण आज तू त्याहून वाईट केलंस. तुला सगळं दिसत होतं, बोट बटणावर होतं, आणि तू मला विचारत बसलीस. मी थांब म्हटलं आणि थांबलीस! पुन्हा असं झालं तर आधी दाबायचं आणि मग मला सांगायला यायचं. मी ओरडेन. ओरडू दे खुशाल. आता जेव."