अर्ध्यावर उचललेला हात

झ्लातिनाने व्हिडिओ पुन्हा मागे ओढला आणि सहा मिनिटे पन्नास सेकंदांवर आणून सोडला. पडद्यावर तिचीच पाठ होती, राखाडी स्वेटरमधली, आणि तिचाच खडू फळ्यावर चालत होता. मग ती वळली, वर्गाला काहीतरी विचारले आणि विचारता विचारता उत्तरही देऊन टाकले. झ्लातिनाने स्वतःकडे बघण्याचे टाळून खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर नजर ठेवली. सातव्या मिनिटाला तिथला एक हात उठला, कानापर्यंत आला, थोडा थांबला आणि कोणी टोकल्यासारखा खाली गेला.

"दिसला का?" शेगडीशेजारी कॉफी ढवळत बसलेल्या स्टोइचोने विचारले. तो भूगोल शिकवायचा आणि शिक्षकांच्या खोलीत कोणाचेही काही चालले की त्यात असायचा.

"केस मागे घेत असेल."

"वेणी घालते ना ती? वेणीतले केस कुठे पळतात?"

अकराव्या मिनिटावर जाऊन झ्लातिनाने तोच बाक पुन्हा पाहिला. हात तिथेही होता.

सप्टेंबरपासून त्यांची शाळा निरनिराळ्या देशांतल्या शिक्षकांच्या एका ऑनलाइन मंडळात सामील झाली होती. मंडळाने जोड्या लावून दिल्या होत्या. महिन्यातून एकदा आपला एक तास चित्रित करून जोडीदाराला पाठवायचा, त्याचा आपण पाहायचा आणि जे दिसेल ते लिहून कळवायचे. पालकांच्या सह्या गोळा झाल्या, वर्गातल्या कपाटावर मोबाइल उभा राहिला. झ्लातिना तीस वर्षे गणित शिकवत होती आणि तिचे नाव मुख्याध्यापिकांनी तिला न विचारताच घातले होते. तिच्या वाट्याला एस्तोनियातल्या एका बेटावरची आउने नावाची शिक्षिका आली. दोघींना एकमेकींच्या भाषेतले अक्षर कळत नव्हते. लिहिलेले कॉम्प्युटर भाषांतर करून देई, पण वर्गातले बोलणे ज्याचे त्याच्यापाशीच राहत असे.

पहिल्या वेळी आउनेने कळवले होते, "मुलांना तुमचं काहीच पटत नाही असं दिसतं. तुम्ही विचारता, ती नाही म्हणतात, तरी तुम्ही पुढे जाता." यावर शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर हसू चालले होते. झ्लातिनाने तिला लिहिले की आमच्याकडे मान आडवी हलली की हो समजायचे. तेव्हापासून स्टोइचो आउनेला 'तपासनीस बाई' म्हणू लागला होता.

झ्लातिनाने स्वतः आउनेच्या तासाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. वर्ग छान आहे, उजेड भरपूर आहे, मुले शिस्तीची आहेत. चौथी ओळ काय होती ते तिलाही आठवत नव्हते.

आउनेचे या वेळचे पत्र मात्र वेगळे होते. "सात मिनिटं बारा सेकंद. खिडकीजवळची वेणीवाली मुलगी. हात अर्ध्यावर. पुन्हा अकराव्या मिनिटाला, एकोणिसाव्या, चौतिसाव्या. तुमची नजर तिच्या अलीकडे थांबते आणि तिच्या पलीकडून पुन्हा सुरू होते. मला शब्द कळत नाहीत, म्हणून मी हात बघत बसते. तिथे काही आहे का?"

"एक अक्षर कळत नाही, आणि माझा वर्ग मला दाखवतेय," झ्लातिना म्हणाली.

"मानेचं चुकलं होतं तिचं," स्टोइचो म्हणाला. "हाताचं चुकलं नसावं. हात सगळीकडे सारखाच वर होतो."

तिथे काय होते ते झ्लातिनाला चांगले माहीत होते. वेणीवाल्या मुलीचे नाव नेदा. ती अडखळत बोलायची. साधे अडखळणे नव्हते ते. शब्द दाराशी येऊन अडायचा, मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. दीड वर्षापूर्वी नेदा पाचवीत आली तेव्हा तिची आई राद्का कामावरून तशीच, शिवणकारखान्याचा निळा झगा घालून, शाळेत आली होती.

"बाई, तिला उभी करू नका," ती म्हणाली होती. "खालच्या वर्गात पोरांनी नकला केल्या. दोन महिने पोटात दुखतंय म्हणून घरी बसली. ती लिहील, हवं तेवढं लिहील. तोंडी विचारू नका तेवढं."

झ्लातिनाने शब्द दिला आणि पाळला. नेदाच्या वह्या ती घरी नेऊन नीट तपासायची, समासात दोन ओळी जास्त लिहायची, सहापैकी सहा द्यायची. वर्गात प्रश्न टाकताना नजर त्या बाकावरून उचलून पुढे ठेवायची तिला इतकी सवय झाली होती की ती हे करते आहे हेही तिच्या ध्यानात येईनासे झाले होते. आपण एका मुलीला सांभाळतो आहोत, याचे तिला मनातून बरे वाटायचे.

तिने लॅपटॉप मिटला. व्हिडिओत तिने स्वतःचे प्रश्न मोजले होते, एकेचाळीस. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये ती सेकंदभरही थांबत नव्हती.

त्या दुपारी शाळा सुटल्यावर तिने नेदाला जिन्याजवळ थांबवले. बाहेर बर्फ पडून गेले होते आणि मुले बूट आपटत, एकमेकांच्या टोप्या ओढत उतरत होती.

"नेदा, वर्गात तुला कधी काही सांगावंसं वाटतं का? मोठ्यानं?"

नेदाने तिच्याकडे पाहिले. मान ताठ झाली. "म… म…"

"माहीत नाही? बरं, काही हरकत नाही. जा तू."

नेदाचे तोंड मिटले. तिने मान आडवी हलवली आणि दप्तर सावरत जिना उतरू लागली. ती वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा झ्लातिना कठड्याला धरून उभी होती. 'म'ने सुरू होणारे शब्द एकामागून एक तिला सुचत राहिले. 'माहीत नाही' हा त्यातला एकच होता.

संध्याकाळी ती आउनेशी बोलली. दोघींनाही मोडकेतोडके इंग्रजी येत होते, तेवढ्यावर काम चालले. तिने आईला दिलेल्या शब्दाचे सांगितले. आउने पडद्यावर लोकरीची शाल गुंडाळून बसली होती.

"तुम्ही शब्द आईला दिला," ती म्हणाली. "हात मुलीचा आहे."

"आईनं काय सहन केलंय ते तुम्ही पाहिलेलं नाही."

"नाही पाहिलं. मी काही सांगत नाही. मला फक्त हात दिसला."

"आणि समजा विचारलं आणि तिला बोलता आलं नाही तर?"

"तर तुम्हाला थांबावं लागेल. मला नाही जमत. मी मनात दहा आकडे मोजते आणि चारवर हरते."

बुधवारी सहावीच्या तासाला झ्लातिनाने फळ्यावर डोंगर काढला. हे गणित ती दरवर्षी घालायची आणि दरवर्षी पूर्ण वर्ग त्यात फसायचा. बस गावातून घाट चढते ताशी तीस किलोमीटरने, त्याच रस्त्याने उतरते ताशी साठने. सबंध प्रवासाचा सरासरी वेग किती?

विचारून झाल्यावर तिने खडू खाली ठेवला आणि हात पाठीमागे बांधले. एक, दोन. मुलांना सवय नव्हती. बाई आता सांगतील म्हणून ती पेन धरून तिच्याकडे बघत राहिली. पाचाला कोणीतरी खोकले. सहाला खिडकीजवळचा हात उठला आणि कानाशी थांबला.

"नेदा," झ्लातिना म्हणाली.

तेरा माना वळल्या. या वर्गात उत्तर द्यायला कोणी उभे राहत नसे, पण नेदा उभी राहिली. बाकाची कड दोन्ही हातांनी धरून तिने तोंड उघडले आणि काहीच बाहेर आले नाही. डोळे मिटले. मागे कोणीतरी हसू दाबले. पहिल्या बाकावरची त्स्वेताना मनाने चांगली मुलगी होती. ती वळून हलक्या आवाजात उत्तर पुरवू लागली. झ्लातिनाने बोट वर केले, त्स्वेताना गप्प झाली.

फळ्याच्या वरच्या घड्याळाचा काटा फिरत होता. झ्लातिनाच्या जिभेवर उत्तर तयार होते. पाठीमागे बांधलेल्या हातांनी ती स्वतःचेच मनगट आवळत होती. वर्गात आता कोणीही हसत नव्हते. एका मुलीने कानांवर हात ठेवले होते.

"पं… पं… पं… पंचेचाळीस," नेदा म्हणाली.

एक मिनिट दहा सेकंद झाले होते. कोणीतरी सुस्कारा सोडला आणि सगळा वर्ग झ्लातिनाकडे बघू लागला. बाई आता शाबासकी देतील हे सगळ्यांना दिसत होते. ती द्यायला झ्लातिनाचेही तोंड उघडले होते. पण पंचेचाळीस हे उत्तर चूक होते, खरे उत्तर चाळीस. दरवर्षी वर्गातला पहिला हात हेच उत्तर द्यायचा आणि दरवर्षी ती त्याला एकच शब्द सांगायची.

"चूक," ती म्हणाली. "आणखी कोणाला असंच वाटतं?"

मग त्स्वेतानाचा हात वर झाला, मागचे दोघे, आणि हळूहळू सगळेच.

"म्हणजे सगळेच चुकलात. चढायला वेळ किती लागला, उतरायला किती, ते लिहा आधी."

नेदा खाली बसली. तिचे कान लाल झाले होते. तिने वहीवर डोके इतके वाकवले की झ्लातिनाला तिचा फक्त भांग दिसत होता. घंटा होईपर्यंत ते डोके वर आले नाही. तास सुटल्यावर ती कोणाशी न बोलता बाहेर गेली आणि वही बाकावरच राहिली. झ्लातिनाने ती उघडून पाहिली नाही. स्टोइचोने कॉफी पुढे केली, तीही तिने घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी राद्का आली, तोच निळा झगा, खांद्यावर तुटके धागे. मधली सुट्टी चालू होती. ती बसली नाही.

"तीन बायकांनी सांगितलं मला, कामावर," ती म्हणाली. "मशीन बंद करून सांगायला आल्या. नेदाला उभी केलीत, सगळ्यांसमोर ताटकळत ठेवलीत, आणि वर चूक म्हणालात."

"हो."

"तुम्ही शब्द दिला होतात."

"दिला होता. मी तो मोडला. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

राद्का भांडायच्या तयारीने आली होती. समोरून काही अडथळाच आला नाही तेव्हा तिने शेगडीजवळच्या स्टोइचोकडे पाहिले. तो कप घेऊन बाहेर निघून गेला.

"ती काय म्हणाली?" झ्लातिनाने विचारले.

"काही नाही. तिनं सांगितलंच नाही. परक्यांकडून ऐकावं लागलं मला. आज सकाळी मात्र आपली आपण निघाली. पोटात दुखतंय म्हणाली नाही. उलट वही शाळेत राहिली म्हणून दार धरून उभी होती, लवकर सोड म्हणून."

झ्लातिनाने लॅपटॉप उघडला आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. "हे पाहा. तुम्ही सही दिली होतीत तो तास. मी तीस वर्षं शिकवतेय आणि मला हे दिसलं नव्हतं. दूरच्या एका बाईंनी दाखवलं. खिडकीजवळचा बाक बघा, माझ्याकडे बघू नका."

राद्का खुर्चीच्या कडेवर बसली. सातव्या मिनिटाला हात उठला, कानापर्यंत आला आणि खाली गेला. झ्लातिनाने व्हिडिओ अकराव्या मिनिटावर नेला, मग एकोणिसाव्या. चौतिसाव्याच्या वेळी राद्काने तिचा हात बाजूला करून स्वतःच तो पुन्हा मागे घेतला. तिने तो हात तीन वेळा पाहिला. घंटा झाली, जिन्यात धावपळ उठली आणि शांत झाली. झ्लातिनाचा तास होता, पण ती उठली नाही.

"घरीसुद्धा असाच उचलते," राद्का म्हणाली. "जेवताना. तिचे बाबा बोलत असतात, मी बोलत असते, आणि हिचा हात असा."

"मग?"

"मला वाटायचं मीठ मागतेय."

झ्लातिनाने व्हिडिओ थांबवला.

"मी द्यायचे मीठ."

"आणि ती घ्यायची?"

राद्काने झग्यावरचा एक धागा काढला, बोटाला गुंडाळला.

"घ्यायची," ती म्हणाली. "सूपमध्ये घालायची आणि गुपचूप प्यायची."