भरलेली बाटली

"ताई, बाटली भरलेली दिसली म्हणून पाणी वाचलं, असं समजू नका. उंदराला दुष्काळ कळत न्हाई. त्यो पाणी पीना झाला की बिघडलं म्हणा."

पिंजरे धुणाऱ्या नरसिंगमामांचं हे बोलणं पंचशीलाताईंनी हसण्यावारी नेलं. मीही नेलं. मित्रांनो, ती बाटली मीच.

मी सलाइनची जुनी काचेची बाटली. अंगावर मापाच्या रेघा आहेत. सलाइन संपल्यावर मी भंगारातच जायची. पण लातूरच्या एका कॉलेजात मला रबरी बूच आणि नळी लावून पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यावर उलटं टांगलं. जिल्हा नवा होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला होता आणि नळ कोरडे होते. टँकर आठ-आठ दिवस यायचा नाही.

पंचशीलाताई बी.एस्सी. झालेल्या. पोटात जंतूंचं विष भिनलं की उंदराच्या रक्तातला प्राणवायू किती घटतो, हे त्या डॉक्टरांसाठी मोजून लिहायच्या. दुखणं पोटात, पण धाप छातीला. उंदीर कोपऱ्यात गप्प बसायचा, त्याच्या बरगड्या भराभर हलायच्या. पुढे त्याची फुफ्फुसं पाण्यानं जड झालेली निघायची. माझी नळी चाटणारी इवलीशी जीभ थांबली की मला चुकल्यासारखं व्हायचं. तरी पाणी उरलं, याचाच मला अभिमान.

पुढे माझं बूच सैल झालं आणि मी गळू लागले. ताईंनी मला तीनदा उकळलं, नवं बूच बसवलं आणि घरी नेलं, सहा वर्षांच्या विशाखासाठी. तिचं दिवसभराचं पाणी माझ्यात असायचं. संध्याकाळी ती मला उजेडात धरायची.

"आई, बघ, अर्धी उरली. मी उंट आहे."

"शहाणा उंट आहे माझा," ताई म्हणायच्या.

एका मंगळवारी विशाखाचं पोट दुखू लागलं. ताईंनी ओवा दिला, पोट शेकलं. बुधवारी ती म्हणाली, "आता कमी आहे," आणि पाय पोटाशी घेऊन पडून राहिली. शेजारच्या गुणाबाईंना लक्ष ठेवायला सांगून ताई कामावर गेल्या. जाताना दारातून दोनदा मागं वळल्या.

संध्याकाळी आल्या तेव्हा मी काठोकाठ भरलेली होते.

"थेंबभरही प्यायली नाहीस? किती गं समजूतदार," म्हणत ताईंनी तिचा मुका घेतला. कपाळ गरम लागलं. उन्हाळ्याचं असेल, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात नरसिंगमामा सायकलवर पाण्याचा कॅन घेऊन आले. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग पोरीकडं. चप्पल न काढताच ते आत आले.

"ताई, घड्याळ घ्या. हिचा श्वास मोजा."

शेकडो उंदरांचे श्वास मोजलेला तो हात विशाखाच्या पोटावर टेकला. पोट फळीसारखं कडक होतं. अर्ध्या मिनिटात सव्वीस झाले. पुढचे ताईंनी मोजलेच नाहीत. तिला उचलून त्या पळाल्या.

आतडं आदल्या रात्रीच फुटलं होतं, म्हणूनच दुखणं कमी वाटलं होतं. डॉक्टरांनी पोट उघडून धुतलं. पण विष रक्तातून फुफ्फुसांत पोचलं होतं. शनिवारी ताई रिकाम्या हातांनी घरी आल्या.

"मी तिला शाबासकी दिली, मामा," त्या म्हणाल्या. "पाणी प्यायली नाही म्हणून शाबासकी दिली."

मामा उंबऱ्यावर टेकले. म्हणाले, "उंदराला दुष्काळ कळत न्हाई, ताई. आपल्या लेकराला कळत हुता."

माझ्यातलं पाणी तसंच होतं. गल्लीत घागरीवरून भांडणं होत होती, पण ते पाणी कुणी प्यायलं नाही.

मित्रांनो, भरलेली राहण्याचा मला आता अभिमान नाही. तुमच्या घरात आज कुणी फार शहाण्यासारखं गप्प पडून आहे का? काहीच मागत नाही का? मग हे वाचणं इथंच ठेवा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याच्या उशाचं पाणी बघा. पोटावर हलकेच हात ठेवून श्वास मोजा, आणि भराभर लागले तर मोठ्यांना हाक मारा. जा, आधी बघून या.