तासाभराची किल्ली

फोन घरीच राहिल्याचं तिच्या लक्षात आलं, तेव्हा ऑफिसात पोचून ती कामाला बसलीसुद्धा होती. संध्याकाळी सहाला इस्पितळाचा जुना सर्व्हर उचलून नेणार होते. त्यातले उरलेसुरले एक्स-रे त्याआधी क्लाउडवर चढवायचे होते. क्लाउडची किल्ली तात्पुरती, तासाभरात बाद. नवी हवी तर काळ्या पडद्यावर कमांड लिहायची आणि फोनवरचा सहा आकडी कोड टाकायचा. कोडही अर्ध्या मिनिटात बदलणारा. महिनाभर हेच करून ती मेटाकुटीला आली होती, आणि घर दीड तासावर.

तिनं टेबलावरच्या फोनवरून वडिलांना गाठलं.

“बाबा, माझा फोन उघडा आणि आकडे वाचा.”

चष्मा सापडेपर्यंत आकडे बदलले. दुसऱ्यांदा बाबांनी सहाचा नऊ केला. तिसऱ्यांदा जमलं.

“तासाभरानं पुन्हा लागेल हं.”

“पुन्हा? ही कसली गं किल्ली?”

“चोरीला गेली तरी चोराला फार पुरू नये, अशी.”

साहेबांकडे तिनं किल्लीची मुदत वाढवून मागितली. ‘बघतो’ म्हणून ते बैठकीला गेले, ते गेलेच. शेजारचा सहकारी कुजबुजला, “कायमची बनव ना. कोण बघतंय?”

तिनं अर्धी कमांड लिहिलीही. पण अशीच एक कायमची किल्ली गेल्या वर्षी कुणाच्या फाइलीत राहिली होती आणि पेशंटांची नावं चव्हाट्यावर आली होती. तिनं ओळ पुसली आणि डोळे चोळले.

दोन वाजता बाबांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. “आत्ताचा सोड, संपत आलाय. हं, नवा घे. चार, शून्य, सात...”

तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या माणसाचा तो खणखणीत आवाज. आई गेल्यापासून तिनं तो ऐकला नव्हता.

पावणेसहाला शेवटची फाइल चढली.

“झालं, बाबा. आता कोड नको.”

“नको? मी सहाच्या तयारीत बसलो होतो.”

“जेवलात ना?”

“मधे उठलो आणि तुझा फोन आला तर?”

सर्व्हर न्यायला आलेली माणसं मागे वायरी सोडवत होती.

“मी निघतेय. आल्यावर गरम करते.”

“तू कशाला? आवाजावरूनच कळतंय, पार गळून गेली आहेस,” बाबा म्हणाले. “मीच करतो. सावकाश ये.”