पुडिंगबाईच्या शेवटच्या दोन ओळी

"हलू नकोस. बरगडीत जाईल टाचणी," आयव्ही म्हणाली.

"जाऊ दे. निदान आतली हवा तरी निघेल," सिरिल म्हणाला आणि पोट आत ओढून उभा राहिला.

चर्चमागच्या हॉलच्या स्वयंपाकघरात, चहाच्या पिंपाशेजारी, ती नवऱ्याच्या कमरेला जांभळा झगा आवळत होती. तिच्या ओठांत टाचण्यांची रांग होती. टाचण्या धरून बोलायला ती केव्हाच शिकली होती. हसता मात्र येत नसे. हसली की एखादी घशात जायची.

थॉर्नशॉ गावच्या नाताळच्या पँटोची, म्हणजे दर वर्षीच्या गाण्या-विनोदाच्या नाटकाची, ती रंगीत तालीम. पँटोतली मुख्य बाई सगळीकडे पुरुषच करतो, थॉर्नशॉत तिचे नाव पुडिंगबाई, आणि तो पुरुष सिरिल हिंडलच असायचा. एके काळी पहिल्या रांगेत बसून ओरडणारी पोरे आता आपली पोरे घेऊन येत होती, तरी पुडिंगबाई बदलली नव्हती. लिहायचा तोच, करायचाही तोच.

आत रंगमंचावर जाऊन तो उभा राहिला आणि दुसऱ्याच प्रवेशात थबकला. तोंड उघडे, हात वर, पुढे काही नाही.

"'अगं गाई, तू दूध देतेस की सल्ला,'" विंगेतून मिस प्रॉक्टरने वाक्य पुरवले. मिस प्रॉक्टर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. पँटो बसवायची तीच.

सिरिलने वाक्य म्हटले. पण थोड्या वेळाने पुन्हा तेच झाले आणि मग पुन्हा. कातडे पांघरलेल्या दोघांची गाय मुकाट्याने उभी राहिली. गाईचे मागचे पाय म्हणजे पोस्टमन डेरेक. त्याने कातड्यातून डोके बाहेर काढले आणि लगेच आत घेतले.

तालीम संपल्यावर मिस प्रॉक्टरने खुर्ची ओढली. "मिस्टर हिंडल, रागावू नका. डेरेकला तुमचं सगळं काम पाठ आहे. इतकी वर्षं गाईच्या पोटात बसून दुसरं करणार काय तो?"

"उस्ताद, मी काही बोललो नाही हां," डेरेक घाईने म्हणाला. "बाईच म्हणाल्या."

सिरिलने विग काढून गुडघ्यावर ठेवला. "हे गाव मला शिव्या देईल, चालेल. सडके टोमॅटो मारील, तेही चालेल. पण मी अडखळलो आणि त्यांना माझी कीव आली, तर संपलं. कीव आली की हसू मरतं. ते मलाही कळतं, बाई. एवढा शनिवार करू द्या. तिथे कीव आली, तर मी स्वतः डेरेकच्या डोक्यावर विग ठेवीन."

"बरं. मग त्या शेवटच्या दोन ओळी तरी सांगून ठेवा. अडलात तर मी पुरवीन."

"त्या नाही."

"हा नुसता हट्ट झाला!"

हट्ट होताच, पण रिवाजही होता. पँटोच्या शेवटच्या दोन ओळी तालमीत कोणी उच्चारत नाही. त्या म्हटल्या की खेळ पुरा झाला, आणि पुरा झालेला खेळ पुन्हा उभा राहत नाही, अशी समजूत. दुसऱ्या गावांत त्या निदान कागदावर तरी असतात. सिरिल दर वर्षी नव्या रचायचा आणि डोक्याबाहेर काढतच नसे. तालमीत तिथे आला की नुसते "टम टी टम टी टम" म्हणायचा. आयव्हीलाही त्या विंगेतच कळायच्या.

त्याचा पोटापाण्याचा धंदा गॅसच्या शेगड्या दुरुस्त करण्याचा. समुद्राखालून काढलेला नवा गॅस नळांतून आला तेव्हा गावातली एकूण एक शेगडी बदलावी लागली, आणि सिरिल प्रत्येक स्वयंपाकघरात गुडघे टेकून आला. कोण नवऱ्याला करपलेले वाढते, कोण ओव्हनमध्ये जिनची बाटली लपवते, हे त्याच्याइतके पाद्रीबुवांनाही माहीत नव्हते. ते सगळे नाताळात पुडिंगबाईच्या तोंडून बाहेर यायचे, पण असे की ज्याची टर उडवली तोच सगळ्यांत मोठ्याने हसायचा. ज्याचे नाव आले नाही तो रुसायचा. खाटकाच्या बायकोने, मिसेस नटॉलने, एकदा भर रस्त्यात त्याला अडवले होते. "सलग दोन वर्षं माझं नाव नाही. आमच्या मटणात काही खोट आढळली का तुला?"

तरुणपणी समुद्रकाठच्या ब्लॅकपूलच्या एका थिएटरवाल्याने त्याला उन्हाळाभर काम देऊ केले होते. सिरिल एक दिवस जाऊन समुद्र बघून आला. "तिथली माणसं रोज नवी," त्याने आयव्हीला सांगितले. "ज्यांची चूलच मी पाहिली नाही, त्यांना हसवू कसा?" त्यावर घरात पुन्हा बोलणे झाले नाही. सोमवारी तो कुणाचा तरी ओव्हन साफ करत होता.

शनिवारी दुपारी हॉल गच्च भरला. खिडक्यांच्या पट्ट्यांवर पोरे बसली. पुडिंगबाई लाटणे घेऊन बाहेर आली तेव्हा तिने तोंड उघडण्याआधीच हशा झाला. पहिला अंक पाण्यासारखा गेला. आयव्ही विंगेत उभी होती, ओठांत टाचण्या, हातात दोरा. जुन्या शिवणी दर वर्षी कुठे ना कुठे उसवायच्याच.

दुसऱ्या अंकात तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काल मिसेस नटॉलच्या ओव्हनचं दार उघडलं, आणि आत बघतो तर..."

आणि थांबला.

मिस प्रॉक्टरने कागद शोधायला घेतला. हॉल शांत झाला. ही शांतता सिरिलला ओळखीची नव्हती.

तेवढ्यात चौथ्या रांगेत मिसेस नटॉल उभी राहिली. हॅटसकट. "...आत कोळ्यानं संसार थाटलाय!" ती ओरडली. "जुनाच विनोद आहे, सिरिल! पण माझा आहे, तो मी कुणाला खाऊ देणार नाही!"

हॉल कोसळला. नटॉलने बायकोला हात धरून खाली बसवायचा प्रयत्न केला, तर तिने त्याच्याच डोक्यावर पिशवी हाणली.

हसू ओसरेपर्यंत सिरिल थांबला. मग लाटणे तिच्याकडे रोखून म्हणाला, "बघा मंडळी, खाटकाच्या घरात सुऱ्या बोथट, पण जीभ कशी धारदार!"

पुढे तो जिथे अडला तिथे गावाने त्याला उचलले. कुणी मागून, कुणी खिडकीतून वाक्य फेकायचा, आणि तो ते झेलून वर आपले एक चढवून परत करायचा. मग तो मुद्दामच थांबू लागला. कुठले थांबणे खरे आणि कुठले खोटे, हे मिस प्रॉक्टरलाही कळेना, आणि तिने कागद मिटून मांडीवर ठेवला. गावाच्या तोंडात त्याचीच वाक्ये होती, त्याने इतक्या वर्षांत एकेका घरात नेऊन ठेवलेली. सिरिल ताठ उभा राहिला. असा ताठ तो झग्यात कधी राहिला नव्हता.

शेवट आला. राजाचे लग्न लागले, सगळे एका रांगेत उभे राहिले, गाय टोकाला. पुडिंगबाई पुढे आली. आता त्या दोन ओळी.

नव्हत्या.

त्याने डोक्यात सगळीकडे पाहिले. सकाळी दाढी करताना होत्या. हॉल वाट पाहत होता. या खेपेला मिसेस नटॉल काही करू शकत नव्हती, मिस प्रॉक्टर नाही, कोणीच नाही. त्याने विंगेत पाहिले. आयव्हीने नकारार्थी मान हलवली. मिटल्या ओठांतल्या टाचण्या चमकल्या.

सिरिल वळला आणि गाईकडे चालत गेला. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाला, "खेळ संपला, मंडळी आता घरी निघा रे सारे..."

मग गाईच्या मागच्या बाजूवर लाटण्याने दोनदा ठोठावले. दारावर ठोठावतात तसे.

आत खुडबुड झाली. मग कातड्यातून डेरेकचा घुसमटलेला आवाज आला, "...पण आधी कुणी या गाईच्या पोटात येऊ द्या हो वारे!"

छप्पर उडायचेच राहिले. लोक बाकांवर उभे राहिले. डेरेकचे लालबुंद डोके बाहेर आले तेव्हा सिरिलने स्वतःचा विग काढला आणि त्याच्यावर ठेवला.

"उस्ताद, कीव कुठे आली हो कुणाला?" डेरेक कुजबुजला.

"नाही आली. म्हणून तर देतोय," सिरिल म्हणाला. "आली असती तर हिसकावल्यासारखा झाला असता. ताठ उभा राहा. बाई आहेस तू."

घरी आल्यावर आयव्हीने चहा ठेवला, बटाटा भरलेली पेस्ट्री ओव्हनमध्ये गरम करायला टाकली आणि झगा मांडीवर घेऊन बसली. डेरेक अंगाने बारीक. शिवणी आत घ्यायला हव्या होत्या. तिने एकेक टाचणी काढून ओठांत धरली.

सिरिल शेगडीजवळ उभा होता. ज्योत जरा पिवळी दिसली म्हणून बटण फिरवत होता. ज्योत निळी झाली, आणि तो तसाच वाकलेला थांबला.

"आयव्ही. आठवल्या."

"काय?"

"ओळी."

तिने सुई थांबवली. "मग म्हण. खेळ तर झाला. आता कसला अपशकुन?"

सिरिलने हात पुसले. स्वयंपाकघराच्या मधोमध, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, तो पुडिंगबाईसारखा किंचित वाकला.

"गाव हसले तोंड उघडून, एकच राहिले मिटून;
टाचण्या होत्या त्या तोंडात, म्हणून झगा गेला नाही सुटून."

आयव्हीने झगा बाजूला ठेवला. तिने ओठांतली एक टाचणी काढली आणि टाचण्यांच्या उशीत खोचली. मग दुसरी. घाई केली नाही. शेवटची खोचून झाल्यावर तिने बोटाने ओठ चाचपून पाहिले, एखादी राहिली तर नाही ना.

मग ती हसली. हॉलमधल्या सगळ्या हशात त्याने हा आवाज कधी ऐकला नव्हता. मोठा होता, जरा किनरा, मध्येच शिट्टीसारखा.

"पुढे?" ती डोळे पुसत म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली.

सिरिल थांबला. हसू पुरते ओसरल्याशिवाय पुढचे बोलायचे नसते, एवढे त्याला पक्के आठवत होते.